नाताळच्या सजावटीची स्मृती आणि तिचा इतिहास

१

बालपणातील वस्तूंची ओढ ही इतकी परिचित भावना आहे की तिला काही इतिहास असू शकेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. युरोप व अमेरिका येथील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या सजावटीचे साहित्य एका खोक्यात घालून वर्षानुवर्षे जपले जाते. पातळ काचेचे रंगीत गोळे, बेगडाच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे तारे, मेणबत्त्या बसविण्याचे पत्र्याचे चिमटे, असे त्या साहित्याचे स्वरूप असते. डिसेंबरात हे खोके माळ्यावरून खाली येते आणि जानेवारीच्या आरंभी पुन्हा माळ्यावर जाते. लहानपणी ज्यांनी ते खोके उघडताना पाहिले, त्यांना प्रौढ वयात त्यातील एखाद्या पोपडे उडालेल्या गोळ्याविषयी जी हुरहुर वाटते, ती नव्या व अधिक मोलाच्या वस्तूविषयी वाटत नाही. ही हुरहुर खाजगी बैठकीपुरती राहिलेली नाही. तिच्यावर संग्राहकांच्या संस्था, वस्तुसंग्रहालये व एक मोठा व्यापार उभा राहिला आहे.

या भावनेचा व तिच्या आलंबनभूत वस्तूंचा इतिहास एकत्र तपासला असता एक विसंगती दृष्टोत्पत्तीस येते. स्मृतीत जे घरगुती, पुरातन व अकृत्रिम म्हणून वसत असते, ते इतिहासात बहुधा बाजारी, अलीकडचे आणि परक्या हातांनी वा यंत्रांनी घडविलेले असे आढळते. मग स्मृती खोटी मानावयाची काय? की इतिहासाने त्या स्मृतीच्या वाटेस जाऊच नये? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जर्मनीतील थुरिंगिया प्रांत आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या दोन ठिकाणांच्या आधारे करावयाचा आहे. कारण नाताळवृक्षावरील काचेच्या अलंकारांचा जन्म पहिल्या ठिकाणी झाला आणि त्यांच्या स्मृतीचा सर्वांत मोठा बाजार दुसऱ्या ठिकाणी भरला.

आरंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द प्राचीन ग्रीक वाटला तरी तो कोणाही ग्रीक ग्रंथकाराने वापरलेला नाही. योहान्नेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात तो प्रथम आला. ‘नोस्तोस’ म्हणजे स्वगृही परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, या दोन शब्दांचा समास करून होफरने जर्मन भाषेतील ‘हाइमवे’, म्हणजे घराची व्यथा, या बोलीतील शब्दास वैद्यकीय रूप दिले. बाझेलला शिकावयास आलेला बेर्न येथील एक तरुण या व्याधीने खंगला आणि त्याला घराकडे नेण्यास निघताच वाटेतच सुधारू लागला, असे उदाहरण त्याने नोंदविले आहे. तेव्हा ही एक रीतसर व्याधी होती, तिचे कारण स्थानांतर हे होते आणि तिचे औषध म्हणजे परतीचा प्रवास.

शंभर वर्षांनी या निदानात मूलगामी फरक पडला. इमान्युएल कांट याने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात असे निरीक्षण केले की, घराच्या ओढीने परतलेल्या माणसांची बहुधा निराशा होते व त्या निराशेनेच ती बरी होतात. गाव तेथेच असते, परंतु त्या गावात घालविलेले तारुण्य तेथे नसते. स्थळाची व्याधी येथे काळाची व्याधी झाली. स्थळाकडे परतता येते, काळाकडे परतता येत नाही. त्यामुळे एके काळी औषधाने बरा होणारा हा विकार असाध्य ठरला. आणि असाध्य म्हणूनच तो हळूहळू व्याधींच्या यादीतून निघून भावनांच्या यादीत जाऊन बसला.

मराठीने या भावनेस दोन नावे दिली आहेत. ‘स्मरणरंजन’ या शब्दात आठवणीचा आनंद आहे, वेदना नाही; ‘गतकातरता’ या शब्दात व्याकुळता आहे, पण घर नाही. ग्रीक समासात घर व वेदना हे दोन्ही घटक आहेत, मात्र आनंदाचा मागमूस नाही. एका भावनेच्या या तीन नावांपैकी कोणत्याही नावात वस्तूस स्थान नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वास्तविक ही भावना जागी होते ती बहुधा एखाद्या वस्तूच्या स्पर्शाने, वासाने अथवा दर्शनाने.

२

नाताळवृक्षाची प्रथा जर्मन भाषिक प्रदेशात वाढली. चोवीस डिसेंबर हा आदम व ईव्ह यांचा स्मरणदिवस मानला जात असे आणि त्या दिवशी होणाऱ्या धार्मिक नाट्यात सफरचंदे टांगलेला स्वर्गवृक्ष मांडीत असत. त्याच्याशी या प्रथेचा संबंध सामान्यतः जोडला जातो. १६०५ मधील स्ट्रासबुर्ग येथील एका अनामिक वर्णनात, लोक घरांतील दालनांत सूचिपर्णी वृक्ष उभे करून त्यांवर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ पोळीसारख्या चकत्या, सोनेरी बेगड व साखरेचे पदार्थ टांगतात, असे सांगितले आहे. गटेच्या ‘वेर्टर’ या १७७४ च्या कादंबरीत मेणबत्त्या, मिठाई व सफरचंदे यांनी सजविलेल्या वृक्षाचा उल्लेख आहे. हॉफमनच्या १८१६ मधील ‘नटक्रॅकर’ कथेतील वृक्षावरही सोनेरी-रुपेरी सफरचंदे आहेत.

या सर्व वर्णनांतील एक समान गोष्ट अशी की, वृक्षावरील बहुतेक वस्तू खाण्याच्या आहेत. सण संपला की मुले वृक्ष लुटीत. सजावट दरवर्षी नवी होई व दरवर्षी पोटात जाई. अर्थात आजीच्या वेळचे सफरचंद नातीस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वस्तूच्या द्वारे पिढ्यांची स्मृती साठविणे या वृक्षावर तत्त्वतःच शक्य नव्हते. जी सजावट आज परंपरेचे मूर्त रूप समजली जाते, तिला टिकाऊपणा हा गुण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम प्राप्त झाला.

इंग्लंडमध्ये ही प्रथा राजघराण्यातून सर्वसामान्य मध्यमवर्गात पसरली. व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन पती आल्बर्ट व त्यांची मुले सजविलेल्या वृक्षाभोवती उभी आहेत, असे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात छापले गेले. तेच चित्र राणीचा मुकुट व राजपुत्राच्या मिशा काढून टाकून १८५० मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकाने प्रसिद्ध केले आणि राजघराणे हे एक सामान्य अमेरिकन कुटुंब झाले.

त्याच १८५० मध्ये चार्ल्स डिकन्सने आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात नाताळवृक्षावर एक निबंध लिहिला. त्याचा निवेदक सजविलेला वृक्ष पाहून घरी येतो आणि मनातल्या मनात तसाच एक वृक्ष उभा करून त्याच्या फांद्यांवर आपल्या बालपणीची खेळणी, पुस्तके व भये एकामागून एक टांगतो. या साहित्यप्रकारातील हा बहुधा सर्वाधिक प्रभावी निबंध होय. परंतु डिकन्सचा जन्म १८१२ मधील. त्याच्या बालपणी इंग्रजी मध्यमवर्गीय घरांत नाताळवृक्ष ही रूढ गोष्ट नव्हती. स्वतः त्यानेच त्या वृक्षास जर्मन खेळणे म्हटले आहे. म्हणजे बालपणीच्या आठवणी ज्या वृक्षावर टांगल्या गेल्या तो वृक्ष बालपणीचा नव्हता. नवी वस्तू जुन्या स्मृतीचे पात्र होण्यास फार वर्षे लागत नाहीत, याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे.

३

थुरिंगियाच्या डोंगराळ, अरण्यमय भागात लाउशा हे गाव आहे. हान्स ग्राइनर व ख्रिस्टोफ म्युलर या दोन काचकारागिरांनी १५९७ मध्ये तेथे काचेची भट्टी घातली. भट्टीला लागणारे लाकूड व वाळू परिसरात उपलब्ध होती. या दोन कुळांचा विस्तार पुढे इतका झाला की, अर्धे गाव ग्राइनर आणि अर्धे म्युलर अशी अवस्था आली. ओळख पटविण्यासाठी आडनावांना टोपणनावे जोडण्याची प्रथा पडली आणि ती कागदोपत्रीही स्थिरावली. ग्राइनर-श्लोटफेगर, म्युलर-ब्लेश ही त्या प्रकारची नावे होत. एका धंद्यावर एक गाव किती काळ व किती घट्टपणे बांधले गेले होते, याची साक्ष ही जोडनावे देतात.

अठराव्या शतकापासून लाउशात मोठ्या भट्टीखेरीज घरोघर दिव्याच्या ज्योतीवर काच तापवून मणी व लहान खेळणी फुंकण्याचा उद्योग चालू झाला. नाताळवृक्षासाठी काचेचे गोळे फुंकण्यास आरंभ कसा झाला, याविषयी एक आख्यायिका आहे. एका गरीब कारागिरास वृक्षावर टांगावयास सफरचंदे व अक्रोड घेणे परवडेना, म्हणून त्याने ती काचेची केली, असे ती सांगते. आख्यायिकेस पुरावा नाही. पुरावा आहे तो निराळ्या स्वरूपाचा: १८४८ च्या सुमारास एका कारागिराच्या मागणीवहीत वेगवेगळ्या आकारांच्या सहा डझन नाताळगोळ्यांची नोंद आढळते. एक साक्ष दारिद्र्यातून उमललेल्या कल्पकतेची आहे, दुसरी डझनांच्या हिशेबाची. लोकस्मृतीने पहिली स्वीकारली. तथापि दोहोंत एक गोष्ट समान आहे: काचेचे सफरचंद खाता येत नाही, म्हणूनच ते पुढल्या वर्षासाठी उरते.

उद्योगाची वाढ तंत्रातील दोन बदलांवर अवलंबून होती. १८६७ मध्ये लाउशात वायूचा कारखाना निघाला. वायूच्या तीव्र व नियंत्रित ज्योतीमुळे पातळ भिंतीचे मोठे गोळे फुंकणे शक्य झाले. दुसरा बदल रसायनाचा. आरंभी गोळ्यांच्या आतून शिसे व कथील यांचा मुलामा देत असत व तो आरोग्यास घातक होता. युस्टुस फोन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसविण्याची जी रीत शोधली होती, तिच्या आधारे १८७० च्या सुमारास रौप्यक्षाराचे द्रावण वापरात आले. आजीच्या खोक्यातील जुन्या गोळ्याची जी मंद, किंचित काळवंडलेली झळाळी हृद्य वाटते, ती या चांदीच्या थराची व त्यावर झालेल्या हवेच्या परिणामाची होय.

कामाची वाटणी कुटुंबात होत असे. पुरुष ज्योतीपुढे बसून पोकळ काचनळी तापवी आणि मोकळा अथवा साच्यात घालून गोळा फुंकी. स्त्री नळीतून रौप्यद्रावण ओतून, कोमट पाण्यात हलवून आतील भिंतीवर थर बसवी. मग गोळे लाखेच्या रंगात बुडवून माळ्याच्या तुळयांना ठोकलेल्या खिळ्यांवर वाळत टाकीत. मुले रंग भरीत, नळीचे जास्तीचे टोक कापीत, पत्र्याची टोपी बसवीत, पुठ्ठ्याच्या पेट्यांत बांधणी करीत. आठवड्याच्या शेवटी स्त्रिया पाठीवरील उंच टोपल्यांतून हा माल सोनेबर्ग या खेळण्यांच्या व्यापारी शहरी पोहोचवीत. तेथील अडते दर ठरवीत. उन्हाळा व शरद ऋतू हे कामाचे दिवस. नाताळ जवळ येई तेव्हा माल कधीच रवाना झालेला असे.

४

१८८० मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे फ्रँक वूलवर्थ या तरुण दुकानदाराने एका आयातदाराच्या आग्रहास्तव अनिच्छेनेच काचेचे नाताळगोळे विक्रीस ठेवले. खरेदी पंचवीस डॉलरांची होती. माल दोन दिवसांत संपला, असे वूलवर्थने पुढे स्वतःच सांगितले. लँकेस्टरच्या परिसरात जर्मन वंशाच्या लोकांची दाट वस्ती होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. पुढे वूलवर्थच्या पाच व दहा सेंटांच्या दुकानांचे जाळे पसरले, तो खरेदीसाठी स्वतः जर्मनीस जाऊ लागला आणि लाउशाचे गोळे अमेरिकेतील मजुराच्या घरातही पोहोचले. ‘वंशपरंपरागत’ म्हणून ज्यांचा आदर होतो त्यांतील असंख्य वस्तू मुळात पाच सेंटांना घेतलेल्या आहेत.

येथे दोन घरांचे एक जोडचित्र तयार होते. एका घरात मुले डोळे विस्फारून खोके उघडतात. दुसऱ्या घरात मुले तेच खोके भरून बंद करतात. एका घरातील वर्षातून एकदाची दिवाळी ही दुसऱ्या घरातील रोजची मजुरी असते. जर्मन साम्राज्याने ३० मार्च १९०३ रोजी बालमजुरीविषयी कायदा केला आणि तो प्रथमच घरगुती उद्योगांना लागू केला. परंतु त्यात ‘स्वतःची मुले’ आणि ‘परकी मुले’ असा भेद होता आणि स्वतःच्या मुलांच्या बाबतीत बंधने सैल होती. मुलाचे काम आईबापांच्या देखरेखीखाली घरात होते, एवढ्याने ते काम कौटुंबिक व म्हणून निरुपद्रवी ठरले. १९०६ मध्ये बर्लिन येथे घरकाम-उद्योगांचे एक प्रदर्शन भरविण्यात आले. त्यात मांडलेल्या वस्तूंवर त्या करण्यास लागलेला वेळ व मिळालेली मजुरी यांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. घरात बनलेली वस्तू म्हणजे मायेने बनलेली वस्तू, ही समजूत त्या चिठ्ठ्यांपुढे टिकणारी नव्हती.

‘घर’ या शब्दाचे हे दोन अर्थ होफरच्या ‘हाइमवे’ या शब्दातच दडलेले आहेत असे म्हणता येईल. जर्मन भाषेत ‘हाइम’ हेच पद घराच्या व्यथेत आहे आणि ‘हाइमआर्बाइट’, म्हणजे घरबसल्या केलेली मजुरी, यातही आहे. स्मृतीने पहिला शब्द उचलला, इतिहासाने दुसराही उचलला पाहिजे.

५

पहिल्या महायुद्धाने १९१४ नंतर जर्मनीचा हा व्यापार विस्कळीत केला. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला. १९३३ नंतर नात्सी राजवटीने नाताळास ख्रिस्तपूर्व जर्मनिक सणाचे रूप देण्याचा उद्योग आरंभला. स्वस्तिकचिन्हांकित गोळे विक्रीस आले, वृक्षाच्या शिरोभागी ताऱ्याऐवजी सूर्यचक्र बसवावे असा प्रचार झाला. कुटुंबाच्या खोक्यात काय ठेवावयाचे, हा राज्यसंस्थेचा विषय झाला. अशा वस्तूंविषयीचे स्मरण पुढे जाहीरपणे कोणी जोपासले नाही, हे साहजिक आहे. खोके वरवर पाहता सर्व काही जपते. वास्तविक त्यातील काही वस्तू दर पिढीस गुपचूप काढून टाकल्या जातात.

अमेरिकेत मॅक्स एकार्ट हा सोनेबर्ग परिसरात जन्मलेला आयातदार लाउशाचा माल विकीत असे. युद्धाची चिन्हे पाहून त्याने व वूलवर्थ कंपनीने काचनिर्मितीतील कॉर्निंग कंपनीचे मन वळविले. पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो येथील तिच्या कारखान्यात विजेच्या दिव्यांचे फुगे घडविणारे यंत्र होते. वितळलेल्या काचेची अखंड पट्टी त्यातून धावे व हवेच्या झोताने मिनिटास सुमारे दोन हजार फुगे तयार होत. त्याच यंत्रावर डिसेंबर १९३९ पर्यंत नाताळगोळ्यांचा पहिला माल निघाला. पुढील वर्षी दिवसास सुमारे तीन लाख गोळे निघू लागले. लाउशातील कुशल कुटुंबास जे काम काही वर्षे पुरले असते ते एका दिवसात उरकू लागले. एकार्टने हे गोळे ‘शायनी ब्राइट’ या नावाने विकले.

युद्धकाळात चांदी व पत्रा यांचा वापर निर्बंधित झाला, तेव्हा या गोळ्यांना आतील रुपेरी थर मिळेना. पारदर्शक काचेवर रंगाचे चार बारीक पट्टे ओढून आणि पत्र्याऐवजी कागदी टोपी बसवून ते विकले गेले. टंचाईतून जन्मलेले हे फिके, हलके गोळे आज संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. त्यांची किंमत त्यांच्या रूपाने ठरत नाही. वडील रणांगणावर असताना आईने एकटीने सजविलेल्या वृक्षाचा काळ त्या कागदी टोपीवरून ओळखता येतो, यात त्यांचे मोल आहे.

युद्धाच्या शेवटी लाउशा सोव्हिएत अमलाखालील विभागात आले व १९४९ मध्ये पूर्व जर्मनीचा भाग झाले. सरहद्द गावापासून फार दूर नव्हती. काही कारागीर कुटुंबे सरहद्दीपलीकडे कोबुर्गजवळील नॉयश्टाट येथे जाऊन स्थायिक झाली आणि तेथे त्यांनी जुन्या साच्यांतून पुन्हा गोळे फुंकण्यास आरंभ केला. बोहेमियातील याब्लोनेत्स, जर्मन नाव गाब्लोन्त्स, येथील जर्मन भाषिक काचकारागिरांना १९४५-४६ मध्ये देशाबाहेर घालविण्यात आले. त्यांनी बव्हेरियातील काउफबॉयरेन येथे आपल्या वस्तीस नव-गाब्लोन्त्स असे नाव दिले. होफरने वर्णिलेली मूळची व्याधी, म्हणजे गमावलेल्या स्थळाची ओढ, येथे उत्पादकांच्या बाजूस पुन्हा प्रकट झाली. ग्राहक हरवलेला काळ आठवीत होते, कारागीर हरवलेला गाव. आणि दोघांच्या मध्ये तोच काचेचा गोळा होता.

६

यानंतरचा टप्पा काच सोडून धातूकडे जातो. विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथे १९५९ पासून अल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचे नाताळवृक्ष मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. धातूमुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका असल्याने त्यांवर दिव्यांच्या माळा सोडता येत नसत. खाली फिरते रंगीत चक्र ठेवून त्यावर प्रकाश पाडीत. १९६५ च्या ९ डिसेंबर रोजी प्रथम दाखविण्यात आलेल्या चार्ली ब्राउनच्या नाताळविषयक व्यंगपटाने या धातुवृक्षास नाताळच्या व्यापारीकरणाचे प्रतीक ठरविले व एक दुबळे खरे झाड त्याच्या विरुद्ध उभे केले. काही वर्षांत धातुवृक्ष बाजारातून गेले. परंतु त्यांच्याभोवती वाढलेली मुले प्रौढ झाली आणि तीस-पस्तीस वर्षांनी तेच वृक्ष माळ्यांवरून शोधून काढू लागली. ज्या वस्तूस तिच्या काळात खोटेपणाचे उदाहरण म्हणून हिणवले, तीच हरवलेल्या खऱ्या काळाची खूण ठरली.

बेगडाची कथाही अशीच आहे. जर्मन ‘लामेटा’ हा शब्द इटालियन भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘लहान पाते’ असा आहे. वृक्षावर जड, सरळ लोंबाव्यात म्हणून या पट्ट्या शिशाच्या करीत. मुलांना शिशाची बाधा होण्याच्या भीतीने अमेरिकेत १९७२ पासून त्यांचा पुरवठा थांबला. त्यांची जागा प्लॅस्टिकच्या हलक्या पट्ट्यांनी घेतली. नव्या पट्ट्या जुन्यांसारख्या लोंबत नाहीत, हे गाऱ्हाणे तेव्हापासून चालू आहे. जर्मनीत लोरियो या विनोदकाराने १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर सादर केलेल्या एका नाट्यप्रवेशातील आजोबांची लामेटाविषयीची तक्रार तर म्हणीसारखी रूढ झाली आणि ‘पूर्वीचे आता काही राहिले नाही’ या वृत्तीची थट्टा करण्यासाठी ती वापरली जाते.

या वस्तूच्या नावांचा अर्थविकास उद्‌बोधक आहे. इंग्रजी ‘टिन्सेल’ हा शब्द ठिणगी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आणि पुढे वरवरच्या झगमगाटास लागू झाला. जर्मन बोलभाषेत ‘लामेटा’ म्हणजे गणवेषावरील पदकांची गर्दी. मराठीतही ‘बेगड’ या नामापासून साधलेले ‘बेगडी’ हे विशेषण खोटेपणाचेच वाचक आहे. तीनही भाषांनी ज्या वस्तूस अप्रामाणिकपणाचा अर्थ चिकटविला, तिच्याविषयी माणसांना प्रामाणिक ओढ वाटते. भाषेतील संकेत व मनातील अनुभव यांचा मेळ येथे बसत नाही, आणि तो बसविण्याचे कारणही नाही. मुलाने बेगड सोने समजून पाहिलेले नसते. त्याने प्रकाश पाहिलेला असतो.

स्मृती केवळ जपली जाते असे नव्हे, ती पुरविलीही जाते. अमेरिकेत अनेक कुटुंबे वृक्षात काचेची एक हिरवी काकडी लपवितात व ती प्रथम शोधणाऱ्या मुलास जादा भेट देतात. हा प्राचीन जर्मन रिवाज आहे असे विक्रेते सांगतात. जर्मनीत मात्र बहुसंख्य लोकांनी तो कधी ऐकलेला नाही. लाउशाच्या साच्यांत फळे व भाज्या असत, त्यात काकडीही होती. तिला परंपरेची कथा मिळाली ती विक्रीच्या बाजूने. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादिलेल्या ग्रंथातून रूढ झालेली ‘परंपरांची निर्मिती’ ही संकल्पना येथे अचूक लागू पडते. तरीही ज्या मुलाने वीस वर्षांपूर्वी ती काकडी शोधली, त्याची आठवण बनावट ठरत नाही. कथा खोटी, शोध खरा.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मोरिस हाल्ब्वाक्स याने १९२५ मध्ये असे प्रतिपादिले की, व्यक्तीची स्मृती समूहाच्या चौकटीत घडते व टिकते, आणि कुटुंब ही त्यांतील एक प्रमुख चौकट होय. नाताळच्या खोक्याने या चौकटीस एक नियमित आवर्तन दिले. वस्तू सदैव डोळ्यांसमोर असती तर ती नजरेआड झाली असती. कायमची दूर असती तर विसरली गेली असती. अकरा महिने अदृश्य राहून बाराव्या महिन्यात परतणाऱ्या वस्तूत दर भेटीचा एक थर साचतो. कोणता गोळा कोणी टांगावयाचा, तडा गेलेला कोणत्या बाजूस लपवावयाचा, कोणता कोणाच्या हातून फुटला, या तपशिलांतून कुटुंब आपला इतिहास स्वतःस सांगत असते. वस्तू जुनी असावी लागत नाही, मौल्यवान वा हाताने केलेलीही असावी लागत नाही. ती परत येणारी असावी लागते आणि फुटण्याजोगी असावी लागते. न फुटणारे प्लॅस्टिकचे गोळे मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता आले, परंतु त्यांच्याबरोबर ‘जपून’ हा शब्द घरातून गेला.

म्हणून या स्मृतीस खोटी म्हणणे अयोग्य होय. ती वस्तूच्या उगमाविषयी साक्ष देत नाही, वापराविषयी देते. आणि वापराविषयी ती विश्वसनीय आहे. व्यापाऱ्याच्या वहीत ‘सहा डझन’ एवढेच आढळते, त्यांतील एक गोळा पन्नास वर्षे का टिकला हे आढळत नाही. ते केवळ स्मृतीतून कळते. उलट, तो कोणाच्या श्वासाने फुगला, कोणत्या मुलाने त्यास टोपी बसविली, हे स्मृतीस माहीत नसते. ते वही, कायदा व मजुरीची चिठ्ठी यांतून कळते. स्वेत्लाना बॉयम हिने २००१ मध्ये गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले: गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा एक, आणि गेलेले गेले हे मान्य करून त्यावर चिंतन करणारा दुसरा. पहिला प्रकार काकडीची कथा विकतो. दुसऱ्यास इतिहासाचे भय वाटण्याचे कारण नाही.

या दुसऱ्या घराची नोंद अलीकडे होऊ लागली आहे. चेकियातील पोनिक्ला येथे फुंकीव काचमण्यांपासून नाताळचे अलंकार करण्याची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. लाउशातील हाताने फुंकलेल्या वृक्षालंकारांची कला २०२१ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय यादीत समाविष्ट झाली. वारसा म्हणून गौरविताना त्या कलेतील बालमजुरीचा व अडत्यांच्या दराचा भाग गळून पडणार नाही, ही दक्षता संशोधकांनीच घ्यावयाची आहे.

मराठी वाचकास हा विषय सर्वस्वी परका नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’ यावरून, म्हणजे लॅटिनमधील जन्मवाचक शब्दावरून, आपल्याकडे आला. गोव्यात बांबूच्या कामट्या व कागद यांचे तारे आणि घरोघरी मांडलेला ‘गोठो’ ही नाताळची सजावट आहे. त्या ताऱ्याचे व दिवाळीच्या आकाशकंदिलाचे साधर्म्य कोणाच्याही लक्षात येईल. माळ्यावरच्या डब्यातून दरवर्षी निघणाऱ्या दिवाळीच्या, गौरी-गणपतींच्या वा नाताळच्या सामानाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास दोन प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतील: हे कोणाच्या घरी जपले गेले, आणि कोणाच्या घरी घडले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातील वृद्धांकडे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते, आणि ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे वृद्ध होत चालली आहेत.